भूल, श्वास आणि नाडी : हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग आणि ग्रामीण भागातील रुग्णसुरक्षा

प्रस्तावना

शस्त्रक्रियेचे यशापयश सामान्यतः शल्यचिकित्सकाच्या नावावर जमा होते. नातेवाइकांना त्याचे नाव पाठ असते. भूल कोणी दिली हे मात्र बहुतेकांना सांगता येत नाही. वास्तविक शस्त्रक्रिया चालू असताना रुग्णाचा श्वास, रक्तदाब व हृदयक्रिया सांभाळणारी व्यक्ती भूलतज्ज्ञच असते. लातूर-बार्शी मार्गावरील मुरुडसारख्या गावातील एखाद्या गर्भवतीला रात्री अचानक सिझेरियनची गरज भासते, तेव्हा शस्त्रक्रियागृह व स्त्रीरोगतज्ज्ञ उपलब्ध असूनही भूल देणारे डॉक्टर नसल्यास तिला लातूरला हलविण्यावाचून पर्याय उरत नाही. प्रस्तुत लेखात भूल देण्यातील सुरक्षिततेचा विचार एका जुन्या वादाच्या आधारे केला आहे. हा वाद मराठवाडा ज्या संस्थानाचा भाग होता त्याच्याच राजधानीत लढला गेला, ही बाब येथील वाचकांना फारशी परिचित नाही.

हैदराबादचा वाद

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे ईथरच्या भुलीखालील शस्त्रक्रियेचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणले. ते वापरण्यास सोपे होते व त्याचा परिणामही लवकर होई. परंतु जानेवारी १८४८ मध्ये इंग्लंडमधील हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या नखाच्या किरकोळ शस्त्रक्रियेत क्लोरोफॉर्मखाली दगावली. असे मृत्यू पुढेही होत राहिले. हृदय आधी थांबते की श्वास, या प्रश्नावर वैद्यकविश्वात दोन तट पडले. प्रश्न केवळ तात्त्विक नव्हता. भूल देणाऱ्याने बोट नाडीवर ठेवावे की लक्ष छातीच्या हालचालीवर ठेवावे, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून होते.

हैदराबादच्या वैद्यकीय विद्यालयाचे प्रमुख एडवर्ड लॉरी हे एडिंबरोच्या जेम्स साइम यांच्या परंपरेतील. केवळ श्वासावर लक्ष ठेवा, नाडीकडे पाहू नका, असा त्यांचा आग्रह होता. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या आश्रयाने १८८८ मध्ये पहिला क्लोरोफॉर्म आयोग नेमला गेला. त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या नियतकालिकास मान्य झाले नाहीत. तेव्हा निजामांनी एक हजार पौंड देऊ केले आणि ‘लॅन्सेट’चे प्रतिनिधी म्हणून लॉडर ब्रंटन १८८९ मध्ये हैदराबादला आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले व दुसऱ्या आयोगानेही लॉरी यांचीच बाजू उचलून धरली. याच विद्यालयात १८८५ मध्ये प्रवेश घेतलेल्या रूपाबाई फर्दूनजी यांनी पुढे हैदराबादच्या रुग्णालयांत भूल देण्याचे काम केले. जगातील पहिल्या महिला भूलतज्ज्ञांमध्ये त्यांची गणना होते.

लॉरी यांचे म्हणणे अर्धेच खरे ठरले. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की, क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना शरीरात ॲड्रेनालिन वाढले तर हृदयाचे ठोके अकस्मात विस्कळीत होऊन मृत्यू ओढवू शकतो. भेदरलेल्या रुग्णाला अर्धवट भूल देणे किती धोक्याचे होते, हे त्यातून उघड झाले. मात्र श्वासाकडे डोळ्यांत तेल घालून पाहण्याची लॉरी यांची शिस्त चुकीची नव्हती. नाडीकडे पाहण्याची मनाई चुकीची होती. हजारो रुग्णांच्या स्वानुभवावरील विश्वासाने त्यांना दुसरी बाजू दिसू दिली नाही. अनुभवी डॉक्टरांच्या बाबतीत हे आजही घडते.

उपकरणे आणि माणूस

आज हा वाद उरलेला नाही, कारण दोन्ही गोष्टी एकाच वेळी मोजता येतात. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात ज्याचे तत्त्व मांडले ते पल्स ऑक्सिमीटर २०२० च्या कोविड साथीनंतर घरोघरी पोहोचले. त्याची मर्यादा मात्र लक्षात घेतली जात नाही. रुग्णाला प्राणवायू चालू असताना श्वास थांबला तरी बोटावरील आकडा काही काळ चांगलाच दिसत राहतो. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ हा बदल तत्काळ दाखवितो. लॉरी यांना जे डोळ्यांनी टिपायचे होते, तेच हे यंत्र रेषेने दाखविते. शस्त्रक्रियागृहात पहिले उपकरण आहे म्हणून दुसऱ्याची गरज नाही, हा समज घातक आहे.

१९८६ मध्ये हार्वर्डशी संलग्न रुग्णालयांनी भुलीच्या काळातील देखरेखीचे किमान निकष प्रसिद्ध केले. त्यात संपूर्ण भुलीच्या काळात भूल देणाऱ्याची सलग उपस्थिती अपेक्षित होती. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासणी यादी दिली. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. यादी कागदावर भरून मागाहून सह्या करण्याची प्रथा पडली, तर तिचा उपयोग शून्य होय.

लहान शहरांतील खाजगी दवाखान्यांत भूलतज्ज्ञ अनेकदा एका शस्त्रक्रियागृहातून दुसऱ्याकडे धावत असतो. रुग्णाची व त्याची पहिली भेट टेबलावरच होते. दमा, मधुमेह, पूर्वीच्या भुलीचा त्रास यांची चौकशी तेव्हा घाईत उरकली जाते. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी हलके अन्न सहा तास व साधे पाणी दोन तास आधी बंद करावे, असा सर्वसाधारण नियम आहे. भुलीत पोटातील अन्न वर येऊन फुप्फुसात जाण्याचा धोका असतो, हे त्याचे कारण. आपल्याकडे ‘उपाशी आहे’ म्हणणाऱ्या रुग्णाने पहाटे दुधाचा चहा घेतलेला असतो आणि घरच्यांच्या हिशेबी चहा म्हणजे खाणे नव्हे! दूध मात्र अन्नातच मोडते. म्हणून ‘काही खाल्ले का’ एवढे विचारून भागत नाही. चहाचे नाव घेऊन विचारावे लागते.

प्रशिक्षणाचा प्रश्न

भूलतज्ज्ञांच्या तुटवड्यावर उपाय म्हणून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या काळात एमबीबीएस डॉक्टरांना तातडीच्या प्रसूतिशस्त्रक्रियेपुरते भूल देण्याचे १८ आठवड्यांचे प्रशिक्षण देण्यात येऊ लागले. हे डॉक्टर भूलतज्ज्ञाची जागा घेत नाहीत; परंतु मुरुड ते लातूर हा रात्रीचा प्रवास ज्या मातेला झेपणार नाही, तिच्यासाठी असा एक डॉक्टर निर्णायक ठरू शकतो. त्यासाठी त्याच्या हाती सराव टिकेल इतके रुग्ण, कठीण प्रसंगी सल्ला देणारा ज्येष्ठ भूलतज्ज्ञ आणि भूल उतरेपर्यंत रुग्णाजवळ बसणारी परिचारिका हवी. अशा डॉक्टरची अन्यत्र बदली झाली की शस्त्रक्रियागृहातील यंत्रे तशीच राहतात आणि सिझेरियनची गरज असलेली स्त्री पुन्हा रुग्णवाहिकेतून लातूरच्या रस्त्याला लागते.