पूर्वीही उकडायचंच की!

आमच्या कट्ट्यावरचे एक काका डिसेंबरात कानटोपी ओढून बसतात आणि दर वर्षी तोच टोला हाणतात, "एवढी हुडहुडी भरलीय आणि म्हणे तापमानवाढ!" पहाटेची थंडी ही त्या दिवसाची हवा झाली. हवामान ठरतं ते तीस-तीस वर्षांच्या सरासरीवर, आणि साऱ्या पृथ्वीची ती सरासरी १८५०-१९०० च्या तुलनेत एक अंशाहून जास्त चढली आहे.

एका अंशानं काय होतंय? वीस हजार वर्षांपूर्वी निम्म्या उत्तर अमेरिकेवर बर्फाचे डोंगर होते, तेव्हा पृथ्वी यंत्रयुगाआधीच्या काळापेक्षा पाच ते सात अंशांनीच गार होती. म्हणजे हवामान पूर्वीही बदलायचं हे काकांचं म्हणणं खरंच आहे. फक्त तेव्हा त्याला हजारो वर्षं लागली. आपण एक अंश दीडशे वर्षांत उरकला, त्यातला बराचसा १९७५ नंतर.

मग सूर्यावर आळ येतो. सूर्य जास्त तापला असता, तर वातावरण वरपासून खालपर्यंत तापलं असतं. प्रत्यक्षात जमिनीलगतची हवा तापतेय आणि वरचं स्थितांबर गार होतंय. कर्बवायू वाढला की नेमकं असंच होतं. तो वायू आपलाच हेही ओळखता येतं. कोळसा-तेल कोट्यवधी वर्षं जमिनीत पुरलेलं, त्यातला कार्बन-१४ हा किरणोत्सारी कार्बन झिजून कधीच संपलेला. असा धूर मिसळत गेला की हवेतल्या कार्बन-१४ चं प्रमाण पातळ होतं, आणि तसं ते झालेलं मोजलं गेलं आहे. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआवर मोजणी सुरू केली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायूचे ३१५ भाग होते. आता ४२० च्या वर आहेत. ज्वालामुखींचा वाटा? माणसाच्या शंभराव्या हिश्श्याएवढाही नाही.

ओझोनला भोक पडलं म्हणून पृथ्वी तापते, असं लिहून आमच्या पिढीनं मार्क मिळवले. ते दुखणं वेगळं, आणि १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ते बरंही होत चाललंय. जगानं ठरवलं तर जमतं, एवढं त्यातून घ्यावं.

"धूर अमेरिकेनं केला, आपण का सोसायचं?" याला मी गैरसमज म्हणणार नाही. भारतीय माणसामागे वर्षाला दोन टनांच्या आसपास कर्बवायू, अमेरिकनामागे चौदा. पण एकूण बेरजेत आपण जगात तिसरे आहोत, आणि समुद्र काही दरडोई हिशेब बघून खवळत नाही. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडात शिरलं आणि नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. एकाच वादळाचं खापर तापमानवाढीवर फोडता येत नाही. पण अरबी समुद्र तापलाय आणि गेल्या दोन दशकांत तिथली चक्रीवादळं वाढलीत. पोफळीचं रोप लावल्यावर सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात. तोवर वाडीवाल्यानं खायचं काय?

आता उशीर झाला, हाही एक आवडता बहाणा. तापमानवाढीत दोन अंशांपेक्षा दीड बरा, आणि दीड हुकला तरी एक पूर्णांक सहा बरा.

काका मात्र ऐकत नाहीत. सगळं थोतांड, म्हणतात. गेल्या वर्षी त्यांनी गच्चीवर सौर पॅनेल बसवले. वीजबिल किती कमी आलं, त्याचा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवलाय. कट्ट्यावर येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतात.