क्षयाच्या घरातील शिधा

घरात कुणाला क्षय झाला की एके काळी पहिला प्रश्न निघे तो आरोग्यधामाचा. दूरची मोकळी हवा, दूध, अंडी आणि सक्तीची विश्रांती यांखेरीज रोगी उठणार नाही, अशी समजूत होती. ज्यांना ते परवडत नसे, त्यांनी काय करावे?

मद्रास येथे १९५६ साली याच प्रश्नाची परीक्षा सुरू झाली. काही रोगी आरोग्यधामात ठेवले, काही आपापल्या दाटीवाटीच्या घरी. औषधे मात्र दोघांना एकच. घरच्या रोग्यांना खाणे निकृष्ट मिळाले, विश्रांती कमी लाभली. तरीही वर्षाअखेर दोन्हीकडचे गुण जवळजवळ सारखे आले. या निष्कर्षाने असंख्य कुटुंबांची ताटातूट टळली. परंतु त्याचबरोबर अन्न ही गौण बाब होय, असाही एक समज रूढ झाला. आमच्या मते तो उतावीळपणाचा होता. कारण औषधाने रोग बरा होणे ही एक गोष्ट आणि रोग मुळात न होणे ही दुसरी.

क्षयाचे जंतू शरीरात शिरले तरी बहुतेकांना आयुष्यभर रोग होत नाही. जंतूंना डोके वर काढू देणारी कारणे निराळी असतात. मधुमेहाने धोका सुमारे तिप्पट होतो. तंबाखू, मद्य, एच. आय. व्ही. हीही कारणे आहेतच. पण आपल्या देशात सर्वांत मोठा वाटा आहे तो अर्धपोटी राहण्याचा.

याचा पडताळा झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात घेण्यात आला. चार जिल्ह्यांतील २,८०० रोगी आणि त्यांच्या घरची दहा हजारांहून अधिक माणसे त्यात होती. शिधा सर्वच रोग्यांना मिळत होता. भेद होता तो घरच्या इतरांच्या बाबतीत. एका गटात प्रत्येक प्रौढ माणसामागे दरमहा पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या गटात काही नाही. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शिधा मिळालेल्या घरांत नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी आढळले. रोग्यांपैकी ज्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्यातील मृत्यूचा धोकाही पुष्कळ घटलेला दिसला. डाळभाताचा हा गुण कोणतीही आजीबाई सांगेल. मोजून दाखवायला मात्र इतकी वर्षे लागली!

गोळ्या संपून थुंकी निर्जंतुक झाली, तरी फुप्फुसांवरचे व्रण काही रोग्यांत कायम राहतात. जिना चढताना धाप लागते, ओझे उचलवत नाही, कफ हटत नाही. उपचारानंतर दोन वर्षे दर सहा महिन्यांनी तपासणी करावी, असे राष्ट्रीय कार्यक्रमात सांगितले आहे. त्या वेळी केवळ थुंकी देऊन परतू नये. धापेची तक्रारही डॉक्टरांच्या कानी घालावी.