हाताला बसेल ते पिस्तूल

28 जुलै 2024 ला मनू भाकरने पॅरिस ऑलिंपिकमध्ये 10 मीटर एअर पिस्तूलचं कांस्यपदक घेतलं, आणि दोनच दिवसांनी सरबज्योत सिंगच्या जोडीने मिश्र सांघिक गटात दुसरं. मनू झज्जर जिल्ह्यातली, सरबज्योत अंबाल्याकडचा, आणि दोघांचंही नाव चंडीगडच्या सेक्टर 10 मधल्या डीएव्ही कॉलेजशी जोडलेलं. साहजिकच ही पदकं चंडीगड, पंचकुला आणि मोहाली या तिन्ही शहरांना घरची वाटली. चंडीगडमधल्या मनीमाजऱ्यात नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या मराठी घरांतही तेव्हापासून एक प्रश्न ऐकू येतो: मुलीला पिस्तूल घेऊन द्यायचंय, कुठलं घेऊ?

माझं उत्तर ऐकून लोक हिरमुसतात. इतक्यात कुठलंच घेऊ नका. मनीमाजऱ्याहून शहर ओलांडून सेक्टर 25 च्या रेंजवर जा, किंवा जवळचा एखादा क्लब बघा, आणि निदान काही महिने तिथलंच पिस्तूल वापरा. पहिलं पिस्तूल निवडायचं म्हणजे कंपनी निवडायची, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात निवड हाताच्या मापाने होते, आणि मुळात हात स्थिर धरायला शिकल्याशिवाय त्याचं खरं माप कळत नाही.

खेळ दिसतो सोपा. दहा मीटरवर 17 सेंटिमीटर चौरसाचं लक्ष्य, त्यात मधोमध दहा गुणांचं वर्तुळ, 11.5 मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. एका हाताने, कशाचाही आधार न घेता, सव्वा तासात 60 फैरी. कमाल गुण 600. दक्षिण कोरियाच्या जिन जाँग-ओ याने 2009 मध्ये 594 केले होते. पॅरिसच्या पात्रता फेरीत मनूचे 580 होते आणि तेवढ्यावर ती तिसरी आली. दुसरा हात खिशात घालतात तो ऐटीसाठी नव्हे, खांदा हलू नये म्हणून. त्याच ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानच्या युसुफ दिकेचचा खिशात हात घातलेला फोटो जगभर फिरला. लोकांना त्यात बेफिकिरी दिसली, पण पिस्तूलवाले सगळे तसेच उभे राहतात.

आता थोडा हिशोब. पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये, म्हणजे नेम धरायच्या खुणांमध्ये, साधारण 33 सेंटिमीटर अंतर असतं. सगळा हात एक मिलिमीटर डावीकडे सरकला, तर छर्राही लक्ष्यावर मिलिमीटरभरच सरकतो. पण मनगट किंचित वळून पुढची साइट मागच्या खाचेच्या मध्यापासून एक मिलिमीटर ढळली, तर तीच चूक दहा मीटरवर तीस मिलिमीटरची होते. दहाच्या जागी सात. म्हणून नवशिक्याचा हात हलतो याची मला फारशी काळजी वाटत नाही. हात सगळ्यांचाच हलतो. ट्रिगर दाबताना मनगट वळतं, ही खरी अडचण, आणि ती बऱ्याचदा ग्रिपमधून येते.

म्हणून पिस्तूल बघायला गेलात की आधी ग्रिप बघा. चांगल्या पिस्तुलांना बहुधा अक्रोडाच्या लाकडाची ग्रिप असते, लहान-मध्यम-मोठ्या मापात, उजव्या आणि डाव्या हातासाठी वेगवेगळी. खाली तळव्याला आधार देणारी फळी वर-खाली सरकते. परीक्षा सोपी आहे. पिस्तूल हातात नीट बसवा, डोळे मिटा, हात लक्ष्याच्या दिशेने उचला आणि डोळे उघडा. पुढची साइट मागच्या खाचेत मधोमध दिसली तर ग्रिप तुमची. दरवेळी ती एकाच बाजूला गेलेली दिसली, तर ग्रिप तुमच्याशी भांडते आहे, आणि साठ फैरींत तीच जिंकणार. थोडाफार फरक घासून किंवा भर घालून काढता येतो. रेंजवर एम-सील लावून ओलं असतानाच हात दाबून ठसा घेणारे आणि मग कानशीने, पॉलिश पेपरने तासन् तास घासत बसणारे लोक भेटतील. नियम एवढाच की ग्रिपने हाताला वेढा घालता कामा नये आणि मनगटाला तिचा आधार मिळता कामा नये.

उजव्या हाताने लिहिणाऱ्याचा डावा डोळा प्रबळ असू शकतो. दोन्ही पंजे जोडून मधे बारीक फट ठेवा, तिच्यातून दूरची वस्तू बघा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला वस्तू दिसत राहते तो प्रबळ. ग्रिप उजवी घ्यायची की डावी, हे प्रशिक्षकाने ही चाचणी बघूनच ठरवावं.

ट्रिगरचं वजन नियमाने किमान 500 ग्रॅम. सामन्याआधी तपासणीच्या टेबलावर पिस्तूल नळी वर करून उभं धरतात, ट्रिगरला वजन अडकवून हळू उचलतात. वजन टेबलावरून उचललं गेलं आणि ट्रिगर सुटला नाही तर पास. क्लबच्या जुन्या पिस्तुलांचे ट्रिगर झिजून हलके झालेले असतात, आणि मुलांना तेच आवडतात. मला ते धोक्याचे वाटतात. बोटाला पाचशे ग्रॅमची सवय लागली पाहिजे, आणि ट्रिगरचे दोन टप्पे स्पष्ट कळले पाहिजेत: पहिला मोकळा, दुसऱ्यावर बोट थांबतं आणि तिथून पुढे दाब वाढवायचा.

हवा कुठून येते, याचेही प्रकार आहेत. स्प्रिंगची पिस्तुलं जुनी. त्यांतलं जर्मनीच्या फाइनवर्कबाऊचं मॉडेल 65 अजूनही हौशी मंडळींकडे दिसतं. वॉल्थरचं एलपी 53 हेही स्प्रिंगचंच, आणि गंमत अशी की ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’च्या पोस्टरसाठी शॉन कॉनरीने हातात धरलं ते हेच छर्ऱ्याचं पिस्तूल. रशियाच्या बैकालचं आयझेडएच 46 एम एका दांड्याच्या एका झटक्यात हवा भरतं. त्याला सिलिंडर नको, पंप नको. तुलनेने स्वस्त आणि अचूक, पण साठ वेळा दांडा ओढून बारीक चणीच्या मुलीचा खांदा दुखायला लागतो.

कार्बन डायऑक्साइडवर चालणारं जुनं पिस्तूल कुणी स्वस्तात देऊ केलं, तर इथली हवा आठवा. त्या वायूचा दाब तापमानावर अवलंबून असतो: 20 अंशांना सुमारे 57 बार, शून्याजवळ 35. जानेवारीत इथे पहाटे पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो आणि मे-जूनमध्ये चाळिशीपार जातो. थंडीत नीट लावलेली साइट उन्हाळ्यात भलतीकडेच मारते. म्हणूनच दाबलेल्या हवेची पिस्तुलं आली आणि टिकली. 200 बारपर्यंत भरलेला सिलिंडर, पुढे रेग्युलेटर, त्यामुळे प्रत्येक छर्ऱ्याला जवळपास सारखाच दाब. ऑस्ट्रियाचं स्टायर, स्वित्झर्लंडचं मोरिनी, इटलीचं पारदिनी, जर्मनीचे वॉल्थर आणि फाइनवर्कबाऊ ही नावं रेंजवर रोज ऐकू येतील. नवीन घ्यायचं तर किंमत लाखाच्या वर जाते.

त्यामुळे पुष्कळ जण पहिलं पिस्तूल जुनं घेतात, आणि त्यात गैर काहीच नाही. पाच-सात वर्षं वापरलेलं चांगलं पिस्तूल नवख्याला सहज पुरतं. फक्त सिलिंडरवरची तारीख वाचा. बहुतेक कंपन्या सिलिंडरचं आयुष्य दहा वर्षं धरतात आणि मुदत टळलेला सिलिंडर सामन्यात चालत नाही; नवा घ्यायचा झाला तर स्वस्त वाटलेला सौदा महागात पडतो. सिलिंडर भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी दाब बघा. सील गळत असेल तर तिथेच कळतं.

कायद्याचं थोडक्यात. छर्रा 4.5 मिलिमीटरचा आणि ऊर्जा 20 ज्यूलपर्यंत असेल तर शस्त्र परवाना लागत नाही. स्पर्धेच्या पिस्तुलाची ऊर्जा सहा ज्यूलच्या आसपास असते. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते 25 मीटरचं पिस्तूल मात्र .22 काडतुसाचं. त्याला परवाना हवाच, त्यामुळे दोन्हींची गल्लत करू नका. परवाना नको म्हणजे गच्चीवर नेम धरायला मोकळीक, असंही नाही. घरी फक्त ड्राय, म्हणजे छर्ऱ्याविना सराव, पांढऱ्या भिंतीकडे बघून. ड्रायची सोय बहुतेक स्पर्धा-पिस्तुलांत असते, आणि पिस्तूल स्वतःचं असण्याचा मोठा फायदा हाच. वाहतूक करताना पिस्तूल पेटीत, रिकामं, सोबत क्लबचं ओळखपत्र आणि खरेदीची पावती.

वाट अशी आहे: क्लब, मग राज्य किंवा केंद्रशासित प्रदेशाची स्पर्धा, मग अखिल भारतीय मावळणकर स्पर्धा, मग राष्ट्रीय. हे मावळणकर म्हणजे लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर, 1951 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचेही पहिले अध्यक्ष. घराणं मूळचं संगमेश्वराजवळच्या मावळंग्याचं. चंडीगडच्या रेंजवरचं पंजाबी पोरगं ‘इस साल मावळंकर निकालना है’ म्हणतं, तेव्हा ते रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्याचं नाव घेत असतं. पतियाळाची हिना सिद्धू हीदेखील पंजाब-महाराष्ट्राला जोडणारी. दंतवैद्यकाची पदवी घेतलेल्या हिनाने 2013 मध्ये म्युनिकला विश्वचषक अंतिम स्पर्धेत एअर पिस्तूलचं सुवर्ण घेतलं. तिचा नवरा आणि प्रशिक्षक रौनक पंडित मुंबईचा नेमबाज.

टोकियो ऑलिंपिकमध्ये रौनक मनूसोबत होता. 25 जुलै 2021 च्या पात्रता फेरीत तिच्या पिस्तुलात बिघाड झाला, दुरुस्तीत बहुमोल मिनिटं गेली आणि 575 गुणांवर ती बारावी राहिली. इतक्या वरच्या पातळीवर हे होतं, तर क्लबमध्ये होणारच, म्हणून पिस्तूल घेताना दुरुस्तीचाही विचार करा. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर हाताला फार सुरेख लागतो. पण बॅटरी, सर्किट आणि ते दुरुस्त करणारा माणूस हे तिन्ही लागतात. पहिल्या पिस्तुलाला मी यांत्रिक ट्रिगरच सुचवीन. आणि दोन पिस्तुलं हाताला सारखीच बसत असतील, तर क्लबात इतर चार जणांकडे जे मॉडेल आहे तेच घ्यावं, म्हणजे ऐन सामन्याच्या सकाळी ओ-रिंग फाटली किंवा सिलिंडर गळला, तर शेजारच्या लेनवरून उसना मिळतो.