सूचना घरी येते, हिशेब येत नाही

जून महिना उजाडला की महाराष्ट्रातील लक्षावधी घरांत शाळेच्या सूचना येऊ लागतात. पूर्वी त्या मुलाच्या दप्तरातून चक्रमुद्रित कागदावर येत. आता बहुतेक ठिकाणी त्या पालकाच्या मोबाइलवर येऊन पडतात. गणवेश अमुक रंगाचा असावा, वह्या अमुक मापाच्या असाव्यात, शुल्काचा पहिला हप्ता अमुक तारखेपूर्वी भरावा, पालक सभेस वेळेवर उपस्थित राहावे! शाळा कोणतीही असो, या सूचनांचा सूर एकच असतो. पालकाने काय करावे हे त्यांत तपशीलवार सांगितलेले असते. शाळेने स्वतः काय करायचे आहे, आणि गेल्या वर्षी तिने ते केले की नाही, याविषयी मात्र त्यांत क्वचितच एखादे वाक्य आढळते. ही माहितीची एकमार्गी वाहतूक वरकरणी शिष्टाचाराची बाब वाटते. वास्तविक तो शिक्षणाच्या अर्थव्यवहारातील एक मूलभूत दोष आहे.

बाजारातील गिऱ्हाइकाला मालाची प्रत ठाऊक नसली आणि विक्रेत्याला ती ठाऊक असली, तर व्यवहार कसा बिघडत जातो, याचे विवेचन जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन केले होते. त्याबद्दल पुढे २००१ साली त्याला नोबेल पारितोषिकाचा वाटाही मिळाला. परंतु जुनी मोटार वाईट निघाली तर ती निदान विकता तरी येते. मुलाचे तिसरी-चौथीचे वर्ष वाया गेले, तर ते कोणत्याही बाजारात परत मिळत नाही. शिवाय शाळा बदलणे म्हणजे दुकान बदलणे नव्हे. मुलाचे सोबती, घरापासूनचे अंतर, शिक्षणाचे माध्यम, नव्या शाळेचे प्रवेशाच्या वेळचे खर्च, या साऱ्यांची किंमत पालकाला मोजावी लागते. शाळेच्या चालकांना ही गोष्ट चांगलीच ठाऊक असते. पहिलीत शुल्क बेताचे ठेवून ते पुढे चढवीत नेण्याचे धोरण अनेक ठिकाणी दिसते, त्याचे मर्म येथे आहे.

योगायोग असा, की त्याच १९७० साली आल्बर्ट हर्शमन यांचे ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ हे छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध झाले. संस्थेचा दर्जा घसरू लागला की तिच्याशी संबंधित माणसांपुढे दोन मार्ग असतात: सोडून जाणे किंवा आवाज उठविणे. हर्शमन यांनी उदाहरण घेतले होते ते सार्वजनिक शाळांचेच. दर्जाविषयी सर्वांत जागरूक असलेले पालक सर्वांआधी सार्वजनिक शाळा सोडतात. आणि आवाज उठविण्याची कुवत नेमकी त्यांच्याच ठायी असल्यामुळे ते गेल्यावर त्या शाळेची घसरण अधिकच वेगाने होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुस्तक अमेरिकेत लिहिले गेले. परंतु महाराष्ट्रातील महापालिकांच्या आणि जिल्हा परिषदांच्या शाळांच्या कहाणीला ते जसेच्या तसे लागू पडावे, हे विलक्षण आहे. शिक्षक, कारकून, छोटा व्यापारी, खुद्द जिल्हा परिषदेचा कर्मचारी, असे सारे एकेक करून त्या शाळांतून आपली मुले काढीत गेले. मागे राहिली ती ज्यांच्या पालकांचे म्हणणे कचेरीत कोणी ऐकून घेत नाही त्यांची मुले. कोल्हापूर संस्थानात १९१७ साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दरमहा १ रुपया दंड ठेवला होता. मूल शाळेत यावे म्हणून तेव्हा सरकार पालकाच्या मागे लागले होते. आज मनाजोगत्या शाळेच्या दारात पालक रांग लावून उभा आहे.

पण खरा विपर्यास पुढेच आहे. सरकारी शाळा सोडून जो पालक खाजगी शाळेत गेला, त्याने तेथे आवाज उठविला असे घडले नाही. आपण पैसे मोजतो तेव्हा आपल्याला हक्क आहेतच, या समजुतीत तो राहिला. ते हक्क कोणते, आणि ते बजावण्याची जागा कोणती, हे पाहण्याची तसदी त्याने घेतली नाही.

ती जागा कायद्याने निर्माण केलेली आहे. ‘महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११’ हा कायदा राष्ट्रपतींच्या संमतीनंतर डिसेंबर २०१४ पासून अमलात आला. त्यानुसार प्रत्येक शाळेत पालक-शिक्षक संघ असलाच पाहिजे आणि संघाची एक कार्यकारी समिती असली पाहिजे. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष. उपाध्यक्ष मात्र पालकांतूनच. आणि प्रत्येक इयत्तेतून एक पालक व एक शिक्षक असे सदस्य. पालक सदस्यांची निवड चिठ्ठ्या टाकून करायची, म्हणजे चालकांच्या मर्जीतली माणसे भरण्यास वाव राहू नये, असा हेतू. नव्या वर्षाच्या शुल्काचा प्रस्ताव चालकांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी सहा महिने या समितीपुढे ठेवावयाचा आहे, तोही नुसता आकडा नव्हे, तर त्यामागील खर्चाच्या तपशिलासह. समितीने मंजूर केलेले शुल्क आणि चालकांनी मागितलेले शुल्क यांत १५ टक्क्यांहून अधिक तफावत पडली, तर प्रकरण विभागीय शुल्क नियामक समितीकडे नेता येते. एकदा ठरलेले शुल्क दोन शैक्षणिक वर्षे बदलता येत नाही. शासनाने अनुदान द्यावे आणि शासनानेच तपासणी करावी ही जुनी पद्धत जेथे नाही, तेथे पालकांनाच तपासनीस नेमणारी ही योजना कागदावर तरी विचारपूर्वक आखलेली आहे.

मग ती निष्प्रभ का ठरते? एक कारण असे, की सहा महिने आधी म्हणजे डिसेंबरात. डिसेंबरात पालकाच्या डोक्यात शुल्काचा विचार नसतो. तो येतो जूनमध्ये पावती हाती पडल्यावर, आणि तोवर निर्णयावर सह्या होऊन गेलेल्या असतात. त्या सह्या करणारे पालक सदस्य कोण, हे बहुतेकांना ठाऊक नसते. दुसरे कारण अधिक खोल आहे. मॅन्सर ऑल्सन यांनी १९६५ साली दाखवून दिल्याप्रमाणे, ज्या लाभाचा वाटा सर्वांना मिळणार असतो त्यासाठी झिजण्याची इच्छा कोणा एकाला होत नाही. शुल्क कमी झाले तर ते सर्वांचेच होईल. वाईटपणा मात्र ज्याने प्रश्न विचारला त्याच्या पदरी. आणि येथे तो वाईटपणा स्वतःपुरता नसतो. आपले मूल रोज सहा तास ज्यांच्या स्वाधीन आहे त्यांना दुखवायचे कसे, ही भीती कोणत्याही पालकाच्या मनातून जात नाही. ती बहुधा अनाठायी असते, कारण सामान्य शिक्षकाला शुल्कवाढीत ना हात असतो ना लाभ. पण भीती ही हिशेब करून वाटत नसते. कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्तीने पालकांना विभागीय समितीकडे दाद मागण्याची वाट मिळाली. मात्र त्यासाठी किमान २५ टक्के पालकांनी एकत्र यावे अशी अट घातली गेली. शंभरांत पंचवीस! जेथे एक पालक पुढे येण्यास कचरतो, तेथे ही अट म्हणजे दार उघडून उंबरठा छातीइतका उंच बांधण्यासारखे झाले.

शाळाचालकांचीही एक बाजू आहे आणि ती डावलणे योग्य होणार नाही. इमारत, वीज, वेतन यांचा खर्च वाढतो हे खरे. शासन आपली देणी वेळेवर चुकवीत नाही हेही खरे. तथापि विनाअनुदानित शाळेतील शिक्षकाच्या हाती प्रत्यक्षात किती पगार पडतो याची चौकशी ज्याने केली असेल, त्याला वाढीव शुल्क वेतनासाठीच हवे असल्याचा युक्तिवाद सर्वत्र पटणार नाही. हिशेब समितीपुढे मांडला तर सचोटीच्या संस्थेचे त्यात काहीच नुकसान नाही. करोनाच्या काळात, मे २०२१ मध्ये, राजस्थानातील शाळांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने शुल्कात १५ टक्के कपात करावयास सांगितले, ते शाळा बंद असताना वाचलेल्या खर्चाचा विचार करूनच. त्या पाठोपाठ ऑगस्टमध्ये महाराष्ट्र शासनानेही तशीच कपात जाहीर केली.

पालकांना उपयोगी अशा आणखी काही तरतुदी सूचनापत्रांत सहसा छापल्या जात नाहीत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशासाठी देणगी घेण्यास मनाई असून, घेतल्यास त्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड होऊ शकतो. प्रवेश देताना मुलाची वा आईवडिलांची परीक्षा घेतल्यास पहिल्या खेपेस २५ हजार आणि पुढे प्रत्येक वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. नर्सरीच्या प्रवेशासाठी आईवडिलांनी इंग्रजी संभाषणाची उजळणी करावी, असा जो हास्यास्पद प्रकार शहरांतून चालतो, त्याला पहिलीच्या प्रवेशापुरता तरी हा कायदा स्पष्ट विरोध करतो. शाळा सोडल्याचा दाखला मिळण्यास उशीर झाला, एवढ्यावरून सरकारी वा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. त्याच शाळांत व्यवस्थापन समितीतील तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. म्हणजे ज्या शाळा जागरूक पालकांनी सोडल्या, तेथेच पालकांना सर्वाधिक अधिकार आहेत.

या कायद्याचा सर्वांत गाजलेला भाग म्हणजे विनाअनुदानित शाळांत पहिलीच्या वर्गात दुर्बल व वंचित घटकांसाठी राखून ठेवलेल्या किमान २५ टक्के जागा. महाराष्ट्रात दरवर्षी अशा जागा लाखाच्या आसपास असतात, आणि अर्ज त्यांहून कितीतरी अधिक येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने नियम बदलून, १ किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला यातून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्या बदलाला स्थगिती दिली आणि जुलैमध्ये तो रद्द केला. त्या चार-पाच महिन्यांत हजारो घरे अर्ज भरून वाट पाहत बसली होती. तो अनिश्चिततेचा काळ संपला, प्रवेश झाले, आणि वृत्तपत्रांतून विषयही मागे पडला.

परंतु कायदा १४ वर्षांपर्यंतचा, म्हणजे आठवीपर्यंतचा आहे. रिक्षाचालकाचे किंवा घरकाम करणाऱ्या बाईचे जे मूल सहाव्या वर्षी सोडतीतून एका चांगल्या इंग्रजी शाळेत गेले, त्याच भाषेत आठ वर्षे शिकले, त्याच मित्रांत वाढले, त्याचे शुल्क नववीपासून कोण भरणार याचे उत्तर कायद्यात नाही. पालकाने ते पूर्ण भरावे, नाहीतर मुलाने शालान्त परीक्षेच्या उंबरठ्यावर शाळा आणि बहुधा माध्यमही बदलावे, हे दोनच मार्ग उरतात. पहिलीच्या प्रवेशाची सोडत निघते तेव्हा ही गोष्ट त्या घराला कोणी समजावून सांगत नाही. आठवीच्या निकालाबरोबर जी सूचना हाती पडते, तीत नववीच्या शुल्काचा आकडा असतो आणि ते भरण्याची शेवटची तारीख असते.