दीडशे शब्दांत गोलबाजार

परदेशी कॉलेजचा अर्ज : भाग 6

गेल्या आठवड्यात आपण 650 शब्दांचा मुख्य निबंध पाहिला. तो एकदा लिहिला की कॉमन ॲप या सामाईक ऑनलाइन अर्जावरून सगळ्या कॉलेजांना तोच जातो. पुरवणी निबंध मात्र बरीच कॉलेजं आपापले मागतात. येल 125 शब्दांत विचारतं, येलच का? स्टॅनफर्ड होणाऱ्या रूममेटला पत्र लिहायला सांगतं. मिशिगन विद्यापीठ अनेक वर्षं विचारत होतं की तुम्ही कोणत्या समुदायाचे आहात आणि त्यात तुमची जागा काय. आठ-दहा कॉलेजं धरली तर असे वीसेक निबंध सहज होतात. मुलं उन्हाळाभर मुख्य निबंध घासत बसतात आणि हे शेवटच्या आठवड्यात उरकतात. माझ्या मते चांगले अर्ज मागे पडतात ते इथेच.

मिशिगनचाच प्रश्न घेऊ आणि उदाहरण रायपूरचं घेऊ. समजा, एका मराठी मुलीच्या वडिलांचं गोलबाजारात लग्नाच्या आणि पूजेच्या सामानाचं दुकान आहे. जन्मापासून मृत्यूपर्यंत लागणारं सगळं गोलबाजारात मिळतं, असं रायपूरकर म्हणतातच. तिचा पहिला खर्डा बहुधा असा येईल : ‘गोलबाजार हा रायपूरचा ऐतिहासिक बाजार असून तिथे विविधतेत एकता दिसते. या बाजाराने मला कष्टाचं आणि माणुसकीचं मोल शिकवलं.’

यात खोटं काही नाही, पण ती मुलगीही यात कुठे नाही. गोलबाजार खोडून नागपूरची इतवारी लिहा, पुण्याची मंडई लिहा, वाक्यं जशीच्या तशी चालतात. अशा वेळी मी मुलांना एवढंच विचारतो : तू तिथे नेमकं करतेस काय?

मग खरी गोष्ट बाहेर येते. लग्नसराईत ती संध्याकाळी गल्ल्याशेजारी बसते. आसपासच्या गावांतून माणसं छत्तीसगढी लग्नाच्या सामानाची यादी घेऊन येतात : पर्रा, बिजना, मौर, हळद. त्याच फळीच्या खालच्या कप्प्यात मराठी घरांसाठी मुंडावळ्या ठेवलेल्या असतात. यादी वाचता वाचता तिच्या लक्षात येतं की चुलमाटीच्या विधीचं सामान लिहिलंय, पण तेलमाटीच्या विधीचं राहिलंय. कुणाकडे कोणता विधी आधी, त्याला काय लागतं, हे तिने गिऱ्हाईक म्हणून आलेल्या म्हाताऱ्या बायकांना विचारून एका वहीत उतरवून ठेवलं आहे. एकदा दोन बायकांनी एकाच विधीचे दोन क्रम सांगितले, तेव्हा तिने दोन्ही लिहिले आणि पुढे त्यांच्या गावांची नावं टाकली.

निबंध या वहीत आहे. ‘मी जिज्ञासू आहे’ असं तिने एकदाही म्हणायची गरज नाही, दोन गावांची नावं ते सांगतात. आणि प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग, ‘तुमची जागा काय’, जो बहुतेक मुलं विसरतात, त्याचंही उत्तर आलं : यादीत राहून गेलेलं सांगणारी मुलगी.

‘आमचंच कॉलेज का’ या प्रश्नाचं उत्तरही याच वहीतून निघतं. कॉलेजचं मानांकन, सुंदर आवार, जगभरचे विद्यार्थी हे वाचणाऱ्याला पाठ आहे. त्याला हवं आहे ते तुमच्या कामाचं त्यांच्याकडे पुढे काय होणार ते. तेव्हा अशी वही असेल तर मानववंशशास्त्र विभागाची अभ्यासक्रमांची यादी उघडा, एखाद्या विषयाची रूपरेषा पूर्ण वाचा, तिथल्या एखाद्या प्राध्यापकाचा निदान एक लेख खरोखर वाचा. मग लिहा की ही वही मला तिथे कशी तपासून बघायची आहे. लिहून झालं की कॉलेजचं नाव झाकून वाचा. दुसरं नाव घातलं तरी चालणारं प्रत्येक वाक्य काढून टाका.

आपल्याकडे याचा नमुना फार जुना आहे. 28 जून 1883 रोजी अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशींनी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी पत्र लिहिलं. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पुऱ्या करू शकणार नाही, हे त्यांनी आधीच कबूल केलं. मग आपली प्रकृती चांगली असल्याचं सांगितलं. आप्तमित्र आणि जात यांच्या एकवटलेल्या विरोधाला तोंड देऊन आपण इथवर आलो, हा निर्धार पुढेही उपयोगी पडेल, असं म्हटलं. आणि हेतू सांगितला : पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशातल्या बायकांना वैद्यकीय मदत देणं. हे उत्तर एका महिला वैद्यकीय कॉलेजलाच देता येतं, दुसऱ्या कुणाला नाही. त्यांना प्रवेश मिळाला आणि 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या. हे पत्र प्रत्येक मुलाने अर्जाआधी वाचावं असं मला मनापासून वाटतं. उणीव लपवलेली नाही, दुःख विकलेलं नाही, आणि मागणं स्पष्ट आहे.

इंग्रजीची भीती वाटत असेल तर आधी घरच्या बोलीत कुणाला तरी तोंडी सांगा, मराठी-हिंदी-छत्तीसगढी जशी येते तशी, आणि ते फोनवर रेकॉर्ड करा. रायपूरच्या मराठी माणसाला दुसऱ्या भाषेत लिहिणं नवं नाही. माधवराव सप्रे यांनी 1900 मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केलं आणि टिळकांचं ‘गीतारहस्य’ही हिंदीत आणलं. साधं, चुका नसलेलं इंग्रजी पुरतं. एजंटकडून किंवा एआयकडून मात्र लिहून घेऊ नका. लेखन माझंच आहे, असं अर्जावर सही करून द्यावं लागतं, आणि एआयने लिहिलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणं कॉमन ॲपच्या नियमांत फसवणुकीत मोडतं.

लवकरच्या फेरीची मुदत बहुतेक ठिकाणी 1 नोव्हेंबरला असते, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे. घरचं दुकान असेल तर त्या दिवसांत मान वर करायला फुरसत मिळणार नाही. पुरवणी निबंधांचे प्रश्न ऑगस्टमध्येच दिसू लागतात. ते वहीत उतरवून घ्या आणि पहिले खर्डे नवरात्राच्या आत संपवा. नियमित फेरीची मुदत बऱ्याच कॉलेजांत 1 जानेवारीच्या सुमारास असते. कॉमन ॲपवर मुदतीची वेळ अर्जदाराच्या घड्याळाप्रमाणे धरतात, रायपूरकरांसाठी रात्रीचे 11:59.