आजीच्या पावलाने देवरियाताल

गिर्यारोहण म्हटले की दोर, कुऱ्हाडी आणि बर्फाचे कडे डोळ्यांसमोर उभे राहतात, आणि सामान्य गृहस्थ त्या चित्राला दुरूनच नमस्कार करतो. परंतु हिमालयाची सगळीच दारे काही वीरांसाठी राखून ठेवलेली नाहीत. मुलेबाळे आणि वडीलधारी माणसे बरोबर घेऊन एका सकाळीत जाऊन यावे, असेही एक सरोवर तेथे आहे. गढवालातील देवरियाताल ते हेच.

ऋषिकेशहून निघाल्यावर आधी गंगेची आणि मग रुद्रप्रयागपर्यंत अलकनंदेची सोबत असते. तेथून मंदाकिनीच्या काठाने वर गेले की ऊखीमठ लागते. केदारनाथाचे देऊळ हिवाळ्यात बंद झाले म्हणजे त्याची पूजाअर्चा येथेच चालते. ऊखीमठाच्या पुढे सारी नावाचे लहानसे गाव आहे. तेथे मोटारीतून उतरावे आणि रात्री मुक्काम करावा, म्हणजे शरीराला उंचीची थोडी सवय होते. पुढची अडीच-तीन किलोमीटरांची चढण पायांनीच चढायची. वाट बरीचशी दगडांनी बांधलेली आहे. चढ अवघड नाही, पण सततचा आहे. सरोवर सुमारे २,४०० मीटर उंचीवर आहे.

आम्ही एप्रिलमध्ये गेलो, तेव्हा बुरांसाची लाल फुले वाटेवर पडलेली होती. बरोबर आठ वर्षांची मुलगी आणि चौसष्ट वर्षांची आई. ‘ऊन चढण्यापूर्वी पोहोचा, मग ढग येतात,’ असे गावकऱ्यांनी बजावले होते. कारण देवरियातालाची कीर्ती आहे ती त्याच्या पाण्यात उतरणाऱ्या चौखंब्याच्या प्रतिबिंबामुळे. चार शिखरांचा हा पर्वत ७,१३८ मीटर उंच असून १९५२ साली त्यावर प्रथम मानवी पाऊल पडले.

पहिल्या अर्ध्या तासातच आईला धाप लागली. एका दगडावर बसत ती म्हणाली, “तुम्ही व्हा पुढे. मी इथेच बसते. ढग येतील.” मी घड्याळाकडे पाहिले. खोटे कशाला सांगू, पुढे जाण्याचा मोह मला झाला. तेवढ्यात मुलगी आजीच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, “बाबा, आजी नसेल तर मी कोणाला दाखवू?”

त्यानंतर आम्ही घड्याळ पाहिले नाही. आई पुढे आणि आम्ही मागे, असा क्रम लावला. बोलता बोलता चालता येईल एवढाच वेग ठेवला. बोलणे तुटू लागले की थांबायचे, घोटभर पाणी आणि गूळ-शेंगदाणे खायचे. नवशिक्या कुटुंबाने डोंगरात पाळावयाचा मुख्य नियम हाच, असे आता वाटते. सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा वेग हाच सर्वांचा वेग. डोके दुखू लागले, मळमळले किंवा बसूनही धाप ओसरेना, तर मात्र संकोच न करता मागे फिरावे.

दीड तासाची वाट आम्हाला जवळजवळ तीन तास पुरली. वर पोहोचलो तेव्हा कुरणाच्या मधोमध हिरवे पाणी शांत पडले होते, आणि चौखंब्याच्या जागी पांढरे ढग होते.

स्थानिक लोक सांगतात की, महाभारतातील यक्षाने पांडवांना प्रश्न विचारले ते याच काठी. तहानेने उतावीळ झालेले चौघे भाऊ उत्तरे न देता पाणी प्यायले आणि कोसळले, धर्मराज थांबला. चौघांपैकी एकाचाच जीव मिळेल, असे यक्षाने सांगितले, तेव्हा त्याने भीम वा अर्जुन न मागता माद्रीचा नकुल मागितला. कुंतीचा एक मुलगा जिवंत आहे, तसा माद्रीचाही असावा, म्हणून. ही गोष्ट आईने नातीला तेथेच सांगितली. मी मात्र खाली मान घालून शिदोरी सोडत होतो.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी दोन शब्द. मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने चांगले. पावसाळ्यात या भागात दरडी कोसळतात. पायात वापरलेले, सवयीचे बूट असावेत. एका जाड कोटापेक्षा दोन-तीन पातळ लोकरी कपडे बरे. म्हाताऱ्या माणसांना हातात काठी द्यावी. वनखात्याचे नियम पाळावेत, आणि नेलेल्या वस्तूंचा कागदाचा कपटाही परत आणावा. तळे लहान आहे, त्याला आपली घाण पेलणार नाही.

चौखंबा आम्हाला त्या दिवशी दिसला नाही. उतरताना आई म्हणाली, “पुढच्या खेपेला पहाटे तीनला निघू.” पुढच्या खेपेचे तिने आपणहून बोलावे, याहून त्या सकाळीचे अधिक फळ मी मागितले नसते.