जवळची वाट, लवकरची वाट आणि कमी इंधनाची वाट

अंबरनाथ पूर्वेला वालधुनी नदीच्या काठी असलेल्या, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख लाभलेल्या शिलाहारकालीन शिवमंदिराच्या परिसरातून ठाण्याकडे निघणाऱ्या वाहनचालकापुढे मुख्यतः दोन मार्ग असतात. एक मार्ग कल्याण-बदलापूर रस्त्याने उल्हासनगरच्या दाट वस्तीतून कल्याणला जातो आणि दुर्गाडी, कोन करीत मुंबई-नाशिक महामार्गाला मिळतो. दुसरा नेवाळी, खोणी, काटई असा जाऊन शिळफाट्यावरून मुंब्र्याकडे वळतो. यांपैकी जवळचा कोणता आणि लवकर पोहोचवणारा कोणता, याचा विचार बहुतेक चालक करतात; परंतु कमी इंधन कोणत्या मार्गाने जळेल हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर पहिल्या दोन उत्तरांशी जुळेलच असे नाही.

या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणारी सोय गूगल मॅप्स या ॲपने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रथम अमेरिकेत सुरू केली आणि भारतात ती आणण्याची घोषणा डिसेंबर २०२३ मध्ये केली. वाहनाचे इंजिन पेट्रोलचे, डिझेलचे, हायब्रिड की विजेवरचे, हे सेटिंग्जमध्ये नोंदवले की ॲप त्यानुसार अंदाज बांधते आणि कमी इंधनाच्या मार्गापुढे हिरव्या पानाची खूण दाखवते. पोहोचण्याच्या वेळेत फारसा फरक नसेल तर हाच मार्ग आधी सुचवला जातो.

या निवडीमागचे गणित जुने आहे. संगणकाच्या दृष्टीने चौक म्हणजे बिंदू आणि दोन चौकांमधला रस्ता म्हणजे रेषा असते, व प्रत्येक रेषेला एक आकडा दिलेला असतो, ज्याला ‘भार’ म्हणतात. कमीत कमी एकूण भाराची वाट शोधण्याची प्रसिद्ध रीत डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केली. भार म्हणून अंतर घेतले तर जवळची वाट निघते, वेळ घेतला तर लवकरची, आणि चढ, वाहतुकीचा वेग व थांबण्याची शक्यता यांवरून काढलेला इंधनाचा अंदाज घेतला तर कमी खर्चाची.

हा अंदाज समजून घेण्यासाठी इंधन कोठे जाते हे पाहावे लागते. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी एक टन वजनाची मोटार थांबवली की तिची गतिज ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन वाया जाते, आणि पेट्रोलमधील ऊर्जेचा साधारण चौथा भागच चाकांपर्यंत पोहोचतो असे धरल्यास तोच वेग पुन्हा गाठायला सुमारे ७ मिलिलिटर पेट्रोल लागते. म्हणजे अशी ५० थांबणी झाली की जवळजवळ एक तृतीयांश लिटर केवळ थांबण्यात खर्ची पडते. चढाचा हिशोब याहून ठळक आहे. बदलापूरहून कर्जत, खोपोलीमार्गे लोणावळ्याला जाताना घाटात साधारण साडेपाचशे मीटर चढावे लागते, आणि तेवढ्या उंचीसाठीच त्याच मोटारीला अर्ध्या लिटरहून जास्त पेट्रोल लागते. मोकळ्या रस्त्यावर मात्र हवेचा विरोध महत्त्वाचा ठरतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग ताशी ८० वरून १०० केला तर तो विरोध दीडपटीहून अधिक होतो. त्यामुळे लांबचा पण सलग, मध्यम वेगाचा रस्ता पुष्कळदा स्वस्त पडतो.

वाहनाचा प्रकार बदलला की हे उत्तरही बदलू शकते. विजेवरच्या आणि हायब्रिड गाड्या ब्रेक लावताना काही ऊर्जा बॅटरीत परत घेतात, म्हणून उल्हासनगरच्या गर्दीतला जो रस्ता पेट्रोलच्या गाडीला महाग पडतो, तो त्यांना तितका महाग पडत नाही. इंजिनाची नोंद चुकीची ठेवली तर सल्लाही चुकीचा मिळण्याची शक्यता वाढते.

ॲपच्या ज्ञानालाही मर्यादा आहेत. वाहतुकीची माहिती मुख्यतः रस्त्यावरच्या मोबाइल फोनच्या हालचालींवरून मिळते, त्यामुळे वाहने मंदावली हे ॲपला कळते, पण ती खड्ड्यांमुळे, पाणी साचल्यामुळे की महाशिवरात्रीच्या यात्रेमुळे, हे त्याला प्रत्येक वेळी ओळखता येत नाही. रेल्वेमार्गाने अंबरनाथ, उल्हासनगर आणि कल्याण या तिन्ही शहरांचे पूर्व आणि पश्चिम असे भाग केले असल्याने उड्डाणपुलाचे एक वळण चुकले तरी मोठा वळसा पडतो. उड्डाणपुलाची आगाऊ सूचना देण्याची सोय गूगलने जुलै २०२४ मध्ये भारतातील काही शहरांसाठी जाहीर केली, ती याच अडचणीवरचा उपाय आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीतून घडलेल्या उल्हासनगरात वस्ती दाट आणि अनेक गल्ल्या अरुंद आहेत; तेथे थोडे इंधन वाचवण्यासाठी शाळेसमोरच्या गल्लीत वाहन घालणे योग्य नव्हे, कारण त्या बचतीची किंमत रहिवाशांना मोजावी लागते.

वाचणारे इंधन एका फेरीपुरते क्षुल्लक वाटते. तथापि जाता-येता प्रत्येकी १०० मिलिलिटर वाचले तर वर्षातील ३०० दिवसांत ६० लिटर वाचते, आणि एक लिटर पेट्रोल जळल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, हे धरल्यास जवळजवळ १४० किलो वायू हवेत जाण्याचे टळते. कल्याण-कर्जत मार्गावरील लोकलने जाणे शक्य असेल तेथे ही बचत कितीतरी मोठी होते, म्हणून वाट निवडण्याआधी वाहन काढण्याची गरज आहे का, हा प्रश्न विचारायला हवा.

जेथे वाहन काढणे आवश्यक आहे तेथे हिरव्या पानाची परीक्षा चालकाला स्वतः घेता येते. टाकी काठोकाठ भरून काही दिवस एका मार्गाने जावे, पुन्हा टाकी भरताना लागलेले लिटर आणि धावलेले किलोमीटर लिहून ठेवावेत, आणि मग त्याच वेळी दुसऱ्या मार्गाने तसेच करावे. दोन्ही मार्गांची लांबी वेगळी असल्याने प्रतिलिटर किलोमीटरपेक्षा प्रत्येक फेरीला लागलेल्या लिटरची तुलना करणे अधिक योग्य ठरते. ॲपचा अंदाज सर्वसाधारण गाडीसाठी असतो. ही नोंद स्वतःच्या गाडीची, स्वतःच्या रस्त्याची आणि स्वतःच्या चालवण्याच्या पद्धतीची असल्याने अंतिम निर्णय तिच्यावरच सोपवावा.